मनमाडची जकात

रेल्वे उशिरा येते, ही तक्रार आता जुनी झाली. 27 जुलै 2023 रोजी मनमाड जंक्शनावर रेल्वेने हा डाग एकदाचा धुऊन काढला. वास्कोहून दिल्लीकडे निघालेली गोवा एक्सप्रेस मनमाडला सकाळी 10:35 ला यायची. ती आली 9:05 ला. तब्बल दीड तास आधी! नेहमीप्रमाणे पाच मिनिटं थांबली, ओळखीचं कुणी दिसेना म्हणून निघून गेली. मनमाडहून बसणारे 45 प्रवासी मागे राहिले. हातात कन्फर्म तिकीट, बॅगेत डबा, आणि गाडी चाळीसगावच्या वाटेला लागलेली.

झालं होतं ते असं. गाडी मिरज-पुणे-दौंड हा रोजचा मार्ग सोडून त्या दिवशी रोहा-कल्याण-नाशिकरोडवरून वळवली होती. वाट जवळची निघाली. लवकर पोचलेली गाडी ठरल्या वेळेपर्यंत उभी करून ठेवायची असते, एवढंच काय ते विसरायला झालं. मग धावाधाव. गीतांजली एक्सप्रेस मनमाडला थांबत नाही, ती थांबवली. मागे राहिलेल्यांना तीत चढवलं. तिकडे गोवा एक्सप्रेस जळगावला धरून ठेवली. म्हणजे जिला मनमाडला वेळ होईपर्यंत थांबायचं होतं ती थांबली नाही आणि जिला थांबायचं नव्हतं ती थांबली. चौकशीचे आदेश निघाले. आपल्याकडे वेळेवर निघणारी तेवढी एकच गोष्ट उरली आहे.

देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी नवलाची म्हणून छापली. मनमाडकरांना त्यात नवल काही वाटलं नसावं. येणार, पाच मिनिटं थांबणार आणि गावाला न घेता पुढे जाणार, हा अनुभव ते गेली दीडशे वर्षं घेताहेत. त्या दिवशी फरक इतकाच पडला की मागे राहिलेल्यांची मोजदाद झाली.

*

आता थोडा इतिहास. तिरकस सदरात इतिहास आला की वाचक पान उलटतो, म्हणून गाडीच्या थांब्याइतकाच सांगतो.

जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, लोखंडी रस्ता थळ घाटाच्या वरच्या अंगाने खानदेशाकडे निघाला, तेव्हा 1860 च्या दशकात मनमाड त्याच्या वाटेत आलं. स्टेशन झालं, एवढंच. जंक्शन झालं 1878 मध्ये, दौंड-मनमाड लाईन सुरू झाली तेव्हा. ही लाईन बांधली गेली ते दिवस 1876 ते 78 च्या दुष्काळाचे. तिच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले होते. घोटभर पाण्याला आणि मूठभर धान्याला महाग झालेल्या माणसांनी टोपल्या वाहून हा भराव घातला. पुढे 1900 च्या सुमाराला निजामाच्या मुलखातून, म्हणजे हैदराबादहून औरंगाबादमार्गे, मीटरगेज लाईन येऊन मनमाडला टेकली. एकाच स्टेशनात रुंद रूळ आणि अरुंद रूळ, मधे फलाट, फलाटावर हमाल.

त्या फलाटाकडे जरा जवळून पाहू. मराठवाड्यातून कापसाची गाठ निघाली, मुंबईला जायचं आहे. अरुंद रुळावरचा डबा रुंद रुळावर चढत नाही. मग गाठ पाठीवर. इकडच्या डब्यातून काढायची, तिकडच्या डब्यात टाकायची. उलट वाटेने मीठ, रॉकेल, कापडाचे तागे. दोन इंजिनिअरांनी रुळांची रुंदी वेगवेगळी ठरवली आणि त्या फरकाची भरपाई माणसाच्या मणक्याने केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला औरंगाबादपर्यंतचा मार्ग रुंद झाला. प्रवाशांची सोय झाली, यात शंका नाही. हमालाच्या पाठीचं काय झालं, हे विचारणारा रकाना प्रकल्प अहवालात नसतो.

*

गाडी बदलायला लोक मनमाडला उतरतात, हे सगळ्यांना ठाऊक. माणसं बदलायचं काम मात्र इथे एकदाच झालं, आणि स्टेशनाच्या बढाईत त्याचा नंबर फार खाली लागतो.

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी सांगितलं ते याच परिषदेत. सभांमध्ये हे वाक्य पुष्कळदा ऐकू येतं. त्याच भाषणातला नोकऱ्यांचा हिशेब मात्र ऐकू येत नाही, कारण तो फार नेमका आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही राबवतो, आणि घरात त्याला अस्पृश्य चालत नाही. म्हणजे सरकारी नोकरीची पात्रता मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठरायची.

मास्तरांच्या घरचं पाणी भरायचं की नाही, यावर एका माणसाची बढती अडावी! बाकी गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावत होत्या. हे सगळं रेल्वेच्याच गावात, रेल्वेच्याच कामगारांसमोर उभं राहून सांगायला छाती लागते. आता त्या परिषदेची आठवण जयंतीच्या बॅनरवर येते, चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी त्याच खांबावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो.

*

मनमाडला काय नाही ते विचारा. अन्न महामंडळाचं भलंमोठं गोदाम आहे. ते आशियातलं सगळ्यात मोठं आहे, असं मनमाडकर सांगतात. आशियाभर फिरून कुणी मोजलेलं नाही, पण सांगतात. पंजाब-हरियाणाचा गहू मालगाडीने इथे उतरतो आणि इथून महाराष्ट्रात जातो. शेजारच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईच्या रिफायनरीतून निघालेली पाईपलाईन अडीचशे किलोमीटर घाट-डोंगर ओलांडून इथवर येते, पुढे मध्य प्रदेशातून थेट दिल्लीच्या अंगणापर्यंत जाते. पेट्रोल नळाने येतं, डिझेल नळाने येतं.

पाणी येत नाही.

हे वाक्य विनोदी नाही. मनमाडला नळाचं पाणी पंधरा-वीस दिवसांनी येणं ही मामुली गोष्ट. उन्हाळा तापला की महिना उलटतो. वागदर्डी धरण भरलं तर गावाचा जीव भांड्यात, आणि भांडंही तेव्हाच भरलेलं. नाहीतर पालखेड कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे. घरात भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यावर दुधाच्या खाड्याची फुली असते आणि तिच्याशेजारी पाणी आलेल्या दिवसाचा गोल. फुल्या मोजून गवळ्याशी भांडता येतं. गोल मोजून भांडायचं कुणाशी? अंगणात, गच्चीवर, जिन्याखाली निळे ड्रम. मुलीसाठी स्थळ पाहताना घरात टाकी किती लिटरची, हे विचारून घ्यावं, असं म्हणणाऱ्या आज्या इथे आहेत आणि त्या विनोद करत नाहीत.

आणि याच गावच्या स्टेशनात फलाटावर नळ आहे. लांबच्या गाडीतला प्रवासी उतरतो, बाटली अर्धी भरतो, गाडीने शिट्टी दिली की नळ तसाच सोडून पळतो. फलाटावरचा चहावाला पुढे होतो आणि मुकाट्याने तोटी बंद करतो. शिव्या नाहीत, उपदेश नाही. पाणी म्हणजे काय, हे या स्टेशनात फक्त त्यालाच ठाऊक असतं.

करंजवण धरणातून पाईप टाकून पाणी आणायची योजना हाती घेतली गेली, तीनशे कोटींच्या घरातली. भूमिपूजन झालं, भाषणं झाली. आमचा विकास या शब्दावर विश्वास आहे, शंका फक्त एक. पेट्रोलचा पाईप डोंगर चढून आला तेव्हा भाषणं इतकी कशी लागली नाहीत?

तेलाचा एक हिशेब मात्र थट्टेत बसत नाही. जिथे टँकरांच्या रांगा लागतात तिथे भेसळीचे धंदेही चालतात. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ असा एक धंदा पकडला. भेसळखोरांनी त्यांना तिथेच जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मनमाडवरून इंधन वाहतं, एवढंच भूगोलाच्या पुस्तकात येतं.

*

आता पुलाकडे येऊ. मनमाडला मध्य रेल्वेचा जुना इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे, जीआयपीच्या काळातला. काम काय, तर पुलांचे गर्डर तयार करणं. नदीवरचे पूल, ओढ्यावरचे पूल, स्टेशनातले पादचारी पूल, त्यांचं लोखंड इथे कापलं, जोडलं, रंगवलं जातं आणि वॅगनवर चढून परगावी जातं. तुम्ही पुलावरून जाताना खालच्या लोखंडाचं गाव विचारत नाही, पण ते मनमाड असू शकतं.

तर अशा या पूल बनवणाऱ्या गावात, रुळांवरून जाणारा पुणे-इंदूर महामार्गाचा पूल आहे. गावाचे दोन भाग जोडणारा, उत्तर-दक्षिण ट्रकांची अखंड रांग वाहणारा. 2023 च्या नोव्हेंबरअखेर त्याचा एक भाग ढासळला. वाहतूक बंद. ट्रक लांबून वळवले. शाळेतली पोरं, दवाखान्यातले रुग्ण, भाजीच्या पाट्या, सगळे वळसा घालून. पूल कुणाच्या अखत्यारीत, दुरुस्ती कुणी करायची, खर्च कुणाच्या खात्यात, यावर कागद फिरू लागले. कागदांना वळसा घालावा लागत नाही, ते टेबलावरून सरळ जातात. तरी त्यांना वेळ लागतोच.

गर्डर बनवणाऱ्या गावाचाच पूल पडावा, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने जरा अतीच होतंय म्हणून परत पाठवलं असतं.

*

गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. मनमाडची म्हणून जी गाडी अभिमानाने सांगितली जाते ती पंचवटी एक्सप्रेस. 1975 पासून सकाळी सहाच्या सुमाराला मनमाडहून निघते, नाशिककरांना आणि इगतपुरीकरांना घेऊन मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत निघते. साधारण 260 किलोमीटरचा पल्ला. रोज अप-डाऊन करणाऱ्या पासधारकांची ही गाडी. कुणाचा लग्नाचा वाढदिवस, कुणाची बदली, कुणाची निवृत्ती, सगळं डब्यात साजरं होतं. घरच्यांना बातमी रविवारी कळते.

पंचवटी मनमाडहून सुटते, म्हणून मनमाडकराला खिडकी मिळते. हे सुख फार दिवस एकाच गावाकडे राहू द्यायचं नाही, असं वेळापत्रकवाल्यांनी मनावर घेतलेलं दिसतं. राज्यराणी एक्सप्रेस मनमाडहून सुटायची. 2020 मध्ये ती नांदेडहून सुटू लागली. आता ती मनमाडला येते तेव्हा आत आधीच लोक झोपलेले असतात. गोदावरी एक्सप्रेस टाळेबंदीत थांबली, पुढे तिच्या वेळेवर धुळ्याची गाडी धावू लागली. नांदेडकरांना आणि धुळेकरांना मुंबईची गाडी हवीच होती, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण प्रत्येक वेळी नव्या गावाला गाडी द्यायची म्हटलं की जुनी मनमाडचीच का लांबवायची? नवी घ्या की! राष्ट्र म्हणून आपण वंदे भारत काढतो. तीही मुंबईहून शिर्डीला जाते, 2023 पासून, मनमाडवरूनच. पांढरीशुभ्र, चकचकीत. डोळे भरून पाहता येते.

शिर्डीचंही तसंच. पूर्वी साईभक्त मनमाडला किंवा कोपरगावला उतरायचे. टॅक्सीवाले, लॉजवाले, हारवाले त्यावर जगायचे. 2009 मध्ये पुणतांब्याहून फाटा काढून शिर्डीला स्वतःचं स्टेशन मिळालं. भक्तांची सोय झाली. मनमाडच्या टॅक्सीवाल्याने श्रद्धा ठेवली. सबुरी आता ठेवतोय.

*

या सगळ्याची तक्रार करायची तर कुणाकडे? स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. औरंगाबादच्या दिशेने दहा किलोमीटरभर गेलं की अंकाईपासून नांदेड विभाग, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे, मुख्यालय सिकंदराबाद. दौंडच्या दिशेची लाईन आधी सोलापूर विभागाकडे, आता पुण्याकडे. अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला चारही दिशांना बोट दाखवता येईल अशी सोय दुसऱ्या कुठल्या स्टेशनात क्वचितच असेल.

रेल्वे सोडा, महसूल घ्या. 2011 च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या 80 हजारांच्या वर. तालुक्याचं ठिकाण कोणतं? नांदगाव, जे त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. मोठं गाव सातबाऱ्याच्या कामाला छोट्या गावाला जातं. स्वतंत्र तालुक्याची मागणी दर निवडणुकीत गावात येते, पाच मिनिटं थांबते. पुढचं तुम्ही ओळखलंत.

स्टेशनातून दक्षिणेकडे गाडी निघाली की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात आणि जवळच एक सुळका, हडबीची शेंडी. उभ्या अंगठ्यासारखा. परगावचे प्रवासी खिडकीतून त्याचे फोटो काढतात, त्याला थम्सअप म्हणतात, शुभशकुन समजतात. मनमाडकर त्याच सुळक्याकडे पाहतो तेव्हा त्याला ठेंगा दिसतो. भूगर्भशास्त्र दोघांनाही बरोबर ठरवतं.

*

ताजी खबर म्हणजे इंदूर. मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी इतकी जुनी की ती करणाऱ्यांच्या नातवंडांनी पुढे निवेदनं दिली. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 309 किलोमीटर, 30 नवी स्टेशनं, खर्च 18,036 कोटी, पूर्ण व्हायची मुदत 2028-29. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा या वाटेवरच्या लोकांना खरोखरच रेल्वे हवी आहे आणि ती त्यांना मिळाली पाहिजे. मनमाडला यातून काय मिळणार? तर आणखी एक फाटा. गाड्या येणार इंदूरहून, जाणार मुंबईला. शिवाय जळगावपर्यंत चौथी लाईनही मंजूर आहे. वाहतूक वाढणार, थांबा पाच मिनिटांवरून दोन मिनिटांवर येणार, कारण गर्दीच्या मार्गावर गाडी उभी ठेवणं परवडत नाही.

यात मनमाडकरांचा दोष नाही म्हणता? आहे. आमच्या गावावरून दिवसाला इतक्या गाड्या जातात, हे ते ज्या थाटात सांगतात त्या थाटात लोक स्वतःच्या शेतातून गेलेल्या विजेच्या तारांबद्दल सांगत नाहीत. जाणाऱ्याचा अभिमान बाळगणाऱ्या गावाला थांबवून घ्यायची सवय लागत नाही. आशियातलं सगळ्यात मोठं गोदाम, सगळ्यात जुना वर्कशॉप, सगळ्यात लांब पाईप, ही यादी पाठ. नगरपालिकेच्या सभेत पाण्याच्या टाक्या किती, गळती किती, वसुली किती, हे विचारणाऱ्याला मात्र खाली बसवलं जातं, कारण तो विकासाच्या आड येतो.

म्हणून आमची एक सूचना. जकात नाके राज्यातून केव्हाच उठले, पण मनमाडसाठी अपवाद करावा. पैसे नकोत, पैशाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जकात वस्तूत घ्यावी. मनमाडवरून जाणाऱ्या प्रत्येक गव्हाच्या रेकने एक पोतं ठेवावं. पेट्रोलच्या पाईपने, दर हजार लिटरमागे, एक लिटर पाणी आणून द्यावं. पाईप तोच वापरला तरी चालेल, इतका फरक आमच्या नळाच्या पाण्यात कुणाच्या लक्षात येणार नाही. थांबा न घेता धडधडत जाणाऱ्या गाडीने निदान मागचे दोन डबे सोडून जावं, रिकामे. नांदगावच्या तहसील कचेरीला जायला उपयोगी पडतील. आणि भूमिपूजनाला येणाऱ्या प्रत्येक मंत्र्याने येताना स्वतःच्या आंघोळीचं पाणी बरोबर आणावं, जाताना उरलेलं नगरपालिकेत जमा करून पावती घ्यावी.

पावती मिळेल ना? मिळेल. कागदाची टंचाई मनमाडला कधीच जाणवलेली नाही.